वाऱ्याकडची बाजू

सर्जा, तुझ्या तेरवीचा मांडव मीच घातला. दुसऱ्या कुणाला घालू दिला असता तर तू वरून शिव्या हासडल्या असत्यास, अन् त्या मला इथं अंबडमध्ये बसून ऐकाव्या लागल्या असत्या. उभी जिंदगी आपण दोघांनी लोकांच्या दारात मांडव घातले. लग्नाचे घातले, बारशाचे घातले, सप्त्याचे घातले, मयतीचे घातले. तुझ्या दारात घालायची पाळी माझ्यावर येईल असं कधी ध्यानीमनी न्हवतं. मला उलटंच वाटायचं. गुडघे माझे गेलेले, बिडी मी ओढणार, शिडीवर धाप मला लागणार, म्हणजे माझ्या दारात तू घालशील, अन् घालताना किसनला म्हणशील की बबन्याच्या मयतीला तरी बल्ल्या सरळ उभ्या करा. तू असा मधूनच उठून गेलास, हे बिलकुल बराबर केलं न्हाई.

पांढरं छत काढलं, साधं, झालर न्हाई लावली. वाऱ्याकडचे दोर आधी ताणले, दुहेरी, तुझ्या रीतीनं. किसन वर बल्लीवर होता अन् मी खालून बघून राह्यलो होतो. आपल्याकडं कामाला येऊन येऊन त्याचेही केस पिकले आता. त्यानं वरून हाळी दिली, "बबनभाऊ, पोर्टचा दोर ढिला राह्यलाय." केदारखेड्याहून तुझ्या सासुरवाडीचे पाहुणे येऊन बसले होते, ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी दोर ताणायला गेलोच न्हाई. टेम्पोच्या मागं गेलो अन् तोंडात उपरणं कोंबून रडलो.

त्या पाहुण्यांना कोण सांगत बसणार, की समुद्रापासून इतक्या लांब, अंबडच्या मांडववाल्यांच्या तोंडी हा शब्द आला कसा. आपलं ते जुनं भांडण तुला आठवत असंल. तू या टोकाला, मी त्या टोकाला, तोंडं एकमेकांकडं. तू ओरडायचास, "डावीकडं घे." मी घ्यायचो माझ्या डावीकडं. तुला पाहिजे असायची तुझी डावी. मंग बल्ली वाकडी, छत वाकडं, अन् नवरीच्या बापासमोर आपली दोघांची जुंपलेली. मालवणहून आल्यावर तू म्हणालास, होडीवाल्यांना ही कटकट न्हाई. होडीच्या तोंडाकडं तोंड करून उभं राह्यलं की डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. माणूस मंग पाठमोरा होऊ दे न्हाईतर उताणा पडू दे, बाजूचं नाव बदलत न्हाई. आपण स्टेजला होडीचं तोंड मानायचं. मी तेव्हा तुला किती हसलो. इथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर, अन् ह्याला बंदर आठवून राह्यलंय. पण एका हंगामात सगळी माणसं तसंच बोलायला लागली, अन् आपलं भांडण मिटलं. हे भांडण मिटलं म्हणून तू दुसरं काढलंस, ती गोष्ट येगळी.

मालवणला तू गेल्तास रेखाच्या बाळंतपणाला. पोरगी तिकडं दवाखान्यात नर्स, जावईही तिकडचाच, अन् डॉक्टरनं तिला प्रवासाची मनाई केल्ती. मंग माहेरच उठून तिच्याकडं गेलं. आता बाळंतिणीच्या घरात बाप्या माणसाचं काय काम? कांतावहिनी शेक-शेगडी करणार अन् तू पायात येणार. त्यांनी तुला सकाळी चहा पाजायचा अन् बाहेर हाकलायचं. तू समुद्रावर जाऊन बसायचास. तिथं एक मास्तर शाळेच्या पोरांना शिडाची होडी शिकवायचा. तू पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून त्या पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन बसलास. मास्तर वाळूत होडी काढायचा, काठीनं एकेक गोष्ट दाखवायचा, पोरं एका सुरात नाव घ्यायची, अन् त्यांच्यात तुझा हा घोगरा आवाज. डोलकाठी. शीड. सुकाणू. मास्तरनं विचारलं म्हणे, आजोबा, यातला नातू कोणता तुमचा? तू म्हणालास, नातू घरी पाळण्यात आहे, मी माझ्यासाठी आलोय.

मला तेव्हाच उमजायला पाहिजे होतं की हे जांबचं दुखणं आहे. रामनवमीला जांब समर्थला मांडव घातल्ता आपण, अन् भर दुपारी वावधान सुटलं. छत फुगलं, मेखा उपटल्या, माणसं पळाली. तू एकटा दोराला लटकलास अन् तुझे पाय जमिनीवरून सुटले. खाली मी बोंबलतोय, अन् वर तू हसून राह्यलास. तळहात पार सोलपटून खाली आलास, अन् पहिलं वाक्य काय, तर, "बबन्या, हा मला कुठंतरी न्यायला बघत होता राव." मी तुला आईवरून शिवी दिली. वाऱ्याला भिऊन भिऊन आपण पोट भरलं. ढग दिसला की आपला जीव टांगणीला. अन् त्या दिवसापासून तू वाऱ्याकडं असा बघायला लागलास की जसा तो सोयरीक घेऊन आलाय.

होडी तू जायकवाडीच्या अंगानं आणलीस, कुण्या मासेमाराची जुनी, बुडाला दोन ठिगळं असलेली. आपल्याच टेम्पोत घातली अन् डोंगराखालच्या पाझर तलावावर आणून सोडली. डोलकाठी म्हणजे आपली सगळ्यात सरळ बल्ली. शीड शिवलंस ते लग्नातल्या लाल-पिवळ्या कनातीचं, आतून ताडपत्रीचं अस्तर. पहिल्या दिवशी ते उभं केलं तर काठावर शेळ्या चारणारी म्हातारी म्हणाली, "कुणाचं लगीन हाये रं बाबांनो?" तू म्हणालास, "ह्याचं." अन् माझ्याकडं बोट दाखवलंस. त्या म्हातारीनं मंग पुढं किती दिवस मला नवरदेव म्हणूनच हाक मारली.

तुझा वर्ग सुरू झाला तो त्याच दिवशी. एवढी मोठी होडी न्हवती, पण तुझी शिकवणी मोठी. शीट म्हणजे कापड न्हाई, शीट म्हणजे शीड ओढायची दोरी. का, ते विचारायचं न्हाई, मास्तरनंही सांगितलं न्हवतं. शिडाच्या खालचा आडवा बांबू म्हणजे बूम, अन् तो वळताना डोक्यावरून जातो, तेव्हा वाकायचं. हे तू मला तोंडानं सांगायच्या आधी बुमनंच सांगितलं. घरी गेलो तर बायको म्हणाली, कुणाशी मारामारी केली. वारा ज्या अंगानं येतो ती वाऱ्याकडची बाजू, माणसानं तिकडं बसायचं, कारण शीड होडीला पलीकडं कलवतं अन् आपल्या वजनानं तोल धरायचा असतो. हा तेवढा नियम मला पहिल्या झटक्यात पटला. मांडवालाही आपण वाऱ्याकडूनच धरतो.

सुकाणूचं मात्र माझं जमता जमेना. बापजाद्यांनी बैल हाकले, मीही हाकले. डावीकडं जायचं तर डावा कासरा ओढायचा, एवढं माझ्या हाताला ठाऊक. सुकाणूची दांडी डावीकडं ओढली की होडी उजवीकडं जाती, हे देवानं कुण्या तिरपागड्या दिवशी ठरवलं कुणास ठाऊक. मी होडी दोनदा बाभळीत घातली. तू काट्यात बसून म्हणालास, "बबन्या, ही गाय न्हाई, हिला पाठीमागून समजवावं लागतं." मी म्हणालो, "मंग तू धर." तू म्हणालास, न्हाई, सुकाणू तुझंच, दोरी माझी. तेच ठरून गेलं. आयुष्यभर मांडवात तू दोर ओढले, होडीतही तूच ओढणार, अन् मी मागं बसून तुझ्या टाळूवरच्या टकलाकडं बघणार.

पण दोरीवरनं तुझीही फजिती झालीच की. मास्तरचा पहिला कायदा तूच मला घोकून घोकून सांगितलेला, की शीट कधीच बांधायची न्हाई. हातात धरायची. वाऱ्याचा झोत आला की सोडायची, शीड मोकळं होतं, होडी उभी राहती. बांधून ठेवली की वारा होडीलाच आडवी करतो. अन् त्या दुपारी तलावाच्या मधोमध झोत आला, तुझ्या हातांनी कापड फुगलेलं बघितलं, अन् हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. पक्की गाठ, फळीला, दुहेरी. तोंडानं तू मला कायदाच सांगून राह्यला होतास अन् हात गाठ मारून राह्यले होते. पुढच्या घडीला आपण दोघं पाण्यात, शीड पाण्यावर पसरलेलं, अन् तुझी टोपी एकटीच धरणाच्या भिंतीकडं निघालेली. होडीला धरून आपण किती हसलो. नाकातोंडात पाणी जाऊन राह्यलं तरी हसू थांबेना. इतकं हसलेलो मला माझ्या लग्नातही आठवत न्हाई.

मंगळवारी दुपारी काम घ्यायचं न्हाई, असं तू मंग ठरवूनच टाकलंस. लग्नाची तिथ असली तर सकाळीच सगळं उभं करून यायचं. लोक म्हणायचे, ही दोन म्हातारी दर मंगळवारी तळ्यावर कशाला जात्यात, म्हसोबाला नवस बोललेत का. ते काही अगदीच खोटं न्हवतं. पलीकडच्या काठावर बाभळीखाली म्हसोबाचा शेंदरी दगड. दुपारचा वारा तिकडूनच येतो, सरळ तोंडावर. तिकडून घरी यायला सोपं, शीड मोकळं सोडलं की होडी आपोआप येती. पण जायचं कसं? पहिल्या वर्षी आपण वल्ह्यानं जायचो अन् शिडानं यायचो. तुला ते बोचायचं. तू म्हणायचास, ही चोरी झाली, म्हसोबाला शिडानंच गेलं पाहिजे, वाऱ्याच्या उरावर.

मी म्हणालो, वाऱ्याच्या समोर कापडानं कोण जातंय, येडा का काय. उपणताना भुसा कधी वाऱ्याकडं गेल्याला बघितला का? तू म्हणालास, भुश्याला सुकाणू नसतं. सरळ जाता येत न्हाई, ते मलाही कबूल. पण तिरपं जायचं. आधी उजवीकडं लांबवर तिरपं, मंग वळून डावीकडं लांबवर तिरपं, असं नागमोडी करत करत वाऱ्याकडं चढायचं. आधी होडी नुसती आडवी सरकायची. मंग तू मास्तरला फोन लावलास, सुताराकडून होडीच्या मधोमध पेटी करून घेतलीस, तीत खाली पाण्यात सोडायची फळी बसवलीस. फळीनं पाणी धरलं अन् होडी सरकायची थांबली. त्या दिवशी पहिल्यांदा ती वाऱ्याकडं चढली, थोडीशीच, पण चढली. तू माझ्याकडं वळूनही बघितलं न्हाईस, नुसतं टक्कल लाल झाल्तं तुझं आनंदानं.

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, अन् ते तसंच अर्धं टाकून तू गेलास. म्हसोबा समोर दिसायचा, अन् माझं सुकाणू त्याच्याकडंच ओढ घ्यायचं. तिरपं तिरपं कुठवर जायचं? ज्याच्याकडं जायचं त्याच्याकडं पाठ करून जायचं, हे मला पटतच न्हवतं. मी हळूच होडीचं तोंड वाऱ्यात घालायचो. घातलं की शीड फडफडायचं, होडी थांबायची, मागं सरकायची. मी वाऱ्याला शिव्या द्यायचो, अन् तू म्हणायचास, नाचता येईना अंगण वाकडं. अन् मंग तुझं ते ठरलेलं वाक्य, दर मंगळवारी, दर वळणाला: "म्हसोबाकडं बघू नको, कापडाकडं बघ." कापड भरलेलं आहे तोवर होडी चालती. चालत्या होडीला कुठंही नेता येतं, थांबलेलीला न्हाई. मी म्हणायचो, तुझं कापड बघत बघत आपण घनसावंगीला पोचू.

शेवटच्या मंगळवारी आपण किती जवळ गेल्तो. म्हसोबाचा शेंदूर स्पष्ट दिसून राह्यला होता. तू म्हणालास अजून चल, त्या पडलेल्या झाडापर्यंत चल, मंग वळ, म्हणजे एका दमात पोचू. मला वाटलं आता इथून जमतंय, मी आधीच वळवली. न्हाई पोचलो. तू शीट मोकळी सोडलीस. वाऱ्याबरोबर परत आलो. तू शीड गुंडाळलंस, दोरीनं डोलकाठीला बांधलंस अन् म्हणालास, शिमग्यानंतर पाणी खाली जाईल, पुढच्या मंगळवारी झाडापर्यंत जायचं म्हणजे जायचं. मी म्हणालो, बघू. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं एवढंच, "बघू". पुढचा मंगळवार उजाडायच्या आतच तू गेलास. तुझं बराबर होतं का माझं, हे ठरायचं राह्यलंच.

आता तुला जे कधी सांगितलं न्हाई ते सांगतो, कारण तू आता टिंगल करू शकत न्हाईस. मला होडीचं काही पडलेलं न्हवतं. मी पाण्यावर यायचो ते तू येतोस म्हणून. दोन पोरं मार्गी लागली, बायको तिच्या नातवंडांत, गुडघे कुरकुरतात. अख्ख्या आठवड्यात मंगळवारची दुपार तेवढी माझी होती. तू पुढं बसून दोरी धरायचास, मी मागं, अन् कितीदा तर आपण घंटाभर बोलायचोही न्हाई. तेवढं बरं मला दुसरीकडं कुठं वाटलं न्हाई. हे तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस, म्हणून न्हाई सांगितलं.

तेरवी झाली. पंगती उठल्या. किसन अन् मी छत उतरवून राह्यलो होतो तेव्हा कांतावहिनी येऊन उभ्या राह्यल्या. मला वाटलं भांड्याकुंड्यांचं काही विचारायचं असंल. त्या म्हणाल्या, तळ्यात अजून पाणी आहे का? मी म्हणालो, आहे, पण उतरून राह्यलंय. त्या म्हणाल्या, मंग येत्या मंगळवारी जाऊ. मला कळेना कुठं जाऊ. वहिनी म्हणाल्या, "म्हसोबाला. तेवढं एक तेंचं राह्यलं."

मी दहा कारणं सांगितली. पाहुणे काय म्हणतील. त्या म्हणाल्या, पाहुणे उद्या केदारखेड्याला जातील. मी म्हणालो, पाण्याची भीती. त्या म्हणाल्या, मी केदारखेड्याच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पवायला शिकले, तुम्ही कुठं शिकला ते सांगा. मी म्हणालो, तुम्हाला त्यातलं काही येत न्हाई. त्यावर त्या उतरवलेल्या छताची घडी घालायला लागल्या. खरं कारण मी त्यांना सांगितलं न्हाई. तुझ्या जागी कुणी बसलेलं मला बघवणार न्हवतं. अन् ते शीड. तू बांधलेलं. ती तुझ्या हातची शेवटची गाठ होती, सर्जा. एका झटक्यात सुटणारी ती तुझी गाठ मला उभ्या जिंदगीत जमली न्हाई, मी मारलेली प्रत्येक गाठ तू परत येऊन मारायचास. तेवढी एक तळ्यावर शिल्लक होती. मी तिला हात लावणार न्हवतो.

मंगळवारी गेलो. वहिनींनी जुनं लुगडं कासोटा घालून नेसलेलं. काठावरच्या म्हातारीनं बघून नुसते हात जोडले. मी वहिनींच्या गळ्यात टेम्पोच्या चाकाची फुगवलेली ट्यूब अडकवली, तुझा नियम म्हणून. मंग डोलकाठीपाशी गेलो अन् तसाच उभा राह्यलो. हात उचलेना. गाठ होती तशी होती, दोरीचं टोक बाहेर काढून ठेवलेलं. वहिनींना काय ते समजलं. त्या जवळ आल्या अन् म्हणाल्या, "भाऊ, घरातली दुधाची किटली, पाळण्याची दोरी, पिठाची पिशवी, सगळं ते याच गाठीनं बांधायचे. ही सुटायसाठीच मारत्यात." अन् टोक धरून एक झटका दिला. शीड खाली सुटलं. मला वाटलं मी आता रडणार, पण वारा होता, कापड सावरायला लागलं, रडायला सवड मिळाली न्हाई.

वल्ही होडीत टाकायला मी वाकलो, तर वहिनींनी ती काठावरच आडवी ठेवली. निघालो. मी शिकवायला सुरुवात केली, तुझ्याच आवाजात. म्हणालो, वहिनी, ही दोरी, हिला शीट म्हणायचं. त्या म्हणाल्या, माहीत आहे. म्हणालो, हा आडवा बांबू. म्हणाल्या, बूम, वळताना वाकायचं. अन् न सांगता उठून वाऱ्याकडच्या बाजूला जाऊन बसल्या. मी बघतच राह्यलो. म्हणालो, हे कधी शिकला? म्हणाल्या, मी शिकले न्हाई, मी स्वयंपाक करत होते. तू रोज भाकरी खाता खाता ताटात कांद्याची फोड होडी करून फिरवायचास म्हणे. वारा चुलीकडून यायचा. मिरचीचं शीड. चार वर्षं त्या बाईनं तुझी ती होडी चुलीच्या उजेडात बघितली, अन् तू मला मात्र सांगायचास की हिला यातलं काही कळत न्हाई.

तिरपं निघालो. झोत आला. वहिनींनी दोरी हातभर सोडली, होडी सरळ झाली, परत ओढून घेतली. बांधायचा विचारही त्यांच्या हाताला शिवला न्हाई. त्यांच्या हातांनी मांडव कधी बांधलाच न्हवता ना. वळायच्या वेळी मी तुला विचारायचो तसंच विचारलं, "तयार?" अन् पुढून उत्तर आलं, "तयार." इतकं बराबर आलं की मला सुकाणू ढकलायचं भान राह्यलं न्हाई, परत विचारावं लागलं.

शेवटच्या पट्ट्याला आलो. शेंदूर दिसायला लागला. पडलेलं झाड अजून लांब होतं, अन् माझा हात, तुला ठाऊक आहे माझा हात, हळूहळू म्हसोबाकडं ओढ घ्यायला लागला. शिडाची वरची कड थरथरली. वहिनींनी मागं वळूनही बघितलं न्हाई. दोरीवर नजर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, म्हसोबाकडं बघू नका, कापडाकडं बघा."

सर्जा, मी दांडी ओढली, तोंड वाऱ्यातून बाहेर काढलं, कापड भरलं. म्हसोबाकडं पाठ केली. झाडापर्यंत गेलो, पार झाडाच्या फांद्या होडीला लागेपर्यंत गेलो. मंग वळलो. अन् होडी एका दमात, जशी कुणी दोरीनं ओढून राह्यलंय तशी, म्हसोबाच्या काठाला जाऊन मातीत घुसली. तुझं बराबर होतं. घे, सांगतो आता मोठ्यानं, तिथंही मोठ्यानंच सांगितलं, अख्ख्या तळ्याला ऐकू गेलं. तुझं बराबर होतं, माझं चुकत होतं. बैल गेला अन् झोपा केला, तशी माझी अक्कल, पण आली तर खरी.

मी चिखलात उतरलो. होडी धरली. शीड वाऱ्यात मोकळं फडफडत होतं, काम संपलं होतं. वहिनी मात्र तशाच बसल्या होत्या, वाऱ्याकडच्या बाजूला, दोन्ही हातांत शीट घट्ट धरून. मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. म्हसोबाला आणलेला नारळ पिशवीत तसाच होता. तेरा दिवस, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्या रडल्या न्हवत्या. आता गालावरून पाणी वाहून राह्यलं होतं अन् ते पुसायलाही त्यांनी हात मोकळा केला न्हाई.

मी म्हणालो, "वहिनी, पोचलो. सोडा आता दोरी."

त्या म्हणाल्या, "सोडते. जरा थांबा."

मंग मी थांबलो. होडीला धरून, गुडघाभर पाण्यात. वारा येतच होता. वल्ही पलीकडच्या काठावर होती, घरी जायची जल्दी आम्हाला दोघांनाही न्हवती.